लाल मोजा आणि सात मात्रा

गेल्या चवथीला दुपारची आरती आटोपली, घुमटं, म्हणजे आमची मातीची चर्मवाद्यं, भिंतीशी टेकवून झाली आणि भाच्याने माझ्या कानांना हेडफोन लावला. तो मडगावच्या एका बँडमध्ये ड्रम्स वाजवतो. चवथीला मात्र फोंड्याच्या आमच्या घरी येऊन घुमटावर बसतो. हेडफोनमध्ये आधी नाण्यांचा खणखणाट ऐकू आला, मग गल्ल्याचं यंत्र उघडल्याचा आवाज, मग कागद फाटल्याचा. हे सगळं पुन्हा पुन्हा, ठरावीक अंतराने फिरत होतं. त्यावर बास गिटार सुरू झाली आणि माझी बोटं सवयीने मांडीवर मोजायला लागली. सातापर्यंत गेली आणि पुन्हा एकवर आली.

"मामा, हो रूपक न्हय?"

रूपक नव्हता, कारण त्यात आपली तीन-दोन-दोनची विभागणी नव्हती. पण मात्रा सातच होत्या. ते होतं पिंक फ्लॉइड या ब्रिटिश बँडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून' या १९७३च्या अल्बममधलं 'मनी'. शब्द सगळे पैशाच्या हव्यासावर. मधे गिटारचा मोठा तुकडा येतो तिथे ताल सरळ चारावर जातो, मग पुन्हा सातावर परततो. भाच्याने पुढे जे विचारलं त्याचं उत्तर मला त्या दिवशी नीट देता आलं नाही. तो म्हणाला, "पैशाच्या विरोधातलं गाणं जगातल्या सगळ्यात जास्त खपलेल्या रेकॉर्डपैकी एकीवर आहे. मग ते विरोधातलं कसं?"

मी हे संगीत तीस वर्षं ऐकतो आहे. त्याच्या प्रश्नाला उत्तर आहे, ते या संगीतातल्या डाव्या विचारांच्या परंपरेत, पण त्यासाठी जरा लांबून यावं लागतं.

प्रोग्रेसिव्ह रॉक, ज्याला ऐकणारे नुसतं प्रोग म्हणतात, ते १९६०च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये रुजलं. तोवर रॉकचं गाणं म्हणजे तीन मिनिटं, चार मात्रा, मुखडा आणि कडवी. या मुलांना ते पुरेना. त्यांनी जॅझ ऐकलं होतं, युरोपचं शास्त्रीय संगीत ऐकलं होतं, हाती मेलोट्रॉन आणि मूग सिंथेसायझरसारखी नवी वाद्यं आली होती. लाँग प्ले रेकॉर्डच्या एका बाजूवर साधारण वीस-बावीस मिनिटं मावत होती. मग एकच रचना त्या अख्ख्या बाजूवर पसरायची, मधेच लय मोडायची, पाच-सात-अकरा मात्रांत जायचं, सुरुवातीची धून शेवटी वेगळ्या रंगात परत आणायची, असं सुरू झालं. सगळी गाणी मिळून एकच गोष्ट सांगतात अशा रेकॉर्डना ते कन्सेप्ट अल्बम म्हणू लागले.

पाश्चात्त्य कानांना हे नवं होतं. आपल्याला ते फार परकं वाटण्याचं कारण नाही. विलंबित ख्याल अर्धा तास चालला तर मंगेशीच्या मातीतला श्रोता घड्याळ पाहत नाही. देवळात कीर्तन ऐकलेल्या माणसाला पूर्वरंग आणि उत्तररंग कळतात. आधी विचार मांडायचा, मग त्याच विचारावर आख्यान लावायचं, मधे पदं, मधे गद्य, आणि शेवटी पहिल्या अभंगावर परत यायचं. कन्सेप्ट अल्बमच्या दोन बाजू मी नेहमी तशाच ऐकत आलो. ज्यांना प्रोग 'अवघड' वाटतं त्यांना मी हेच सांगतो की कीर्तनाला बसल्यासारखे बसा.

आता 'डावं' या शब्दाकडे. गोव्यात १८ जून १९४६ रोजी मडगावला नागरी हक्कांसाठी पहिली हाक देणारे डॉ. राममनोहर लोहिया समाजवादी होते. त्यांचं कम्युनिस्टांशी पटत नव्हतं, तरी दोघांनाही आपण डावेच म्हणतो. युरोपातही तसंच. समाजवादी, कम्युनिस्ट, कोणतीच सत्ता न मानणारे अराजकवादी, असे अनेक गट होते आणि ते एकमेकांशी कडाकडा भांडत. त्यांना जोडणारी गोष्ट एवढीच की राबणाऱ्याच्या हाती त्याच्या श्रमाचं फळ यावं, आणि मालकी मूठभरांकडे राहू नये. १९६८ साली पॅरिसमध्ये विद्यार्थी रस्त्यावर आले, व्हिएतनाममध्ये बॉम्ब पडत होते. त्या हवेत वाढलेल्या वादकांच्या गाण्यात राजकारण येणारच होतं. किंग क्रिम्सन या बँडच्या १९६९च्या पहिल्या अल्बममधलं पहिलंच गाणं व्हिएतनामच्या जखमा दाखवतं.

पण राजकारण गाण्यात दोन जागी बसू शकतं. एक जागा शब्दांची. दुसरी जागा घडणीची, म्हणजे ते गाणं कोणी, कसं, कोणाच्या मालकीखाली रचलं, आणि ते ऐकणाऱ्याला काय करायला लावतं याची. भाच्याचा प्रश्न याच दोन जागांच्या मधला आहे.

शब्दांची जागा पाहायची तर पिंक फ्लॉइडचाच 'ॲनिमल्स' घ्यावा. तो जानेवारी १९७७चा. बँडचा प्रमुख गीतकार रॉजर वॉटर्स याचे वडील कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होते आणि १९४४ मध्ये इटलीतल्या अँझिओच्या लढाईत मारले गेले, तेव्हा मुलगा काही महिन्यांचा होता. त्याची जवळजवळ सगळी गाणी या एका मृत्यूभोवती फिरतात असं मला वाटतं. 'ॲनिमल्स'मध्ये समाजाचे तीन प्राणी केले आहेत. वर चढण्यासाठी चावणारे कुत्रे, नीतीचा ठेका घेतलेली डुकरं आणि निमूट चालणारी मेंढरं. कल्पना जॉर्ज ऑर्वेलच्या 'ॲनिमल फार्म'वरून घेतलेली, पण ऑर्वेलचा रोख स्टॅलिनच्या रशियावर होता, वॉटर्सचा इंग्लंडमधल्या भांडवलदारीवर. कुत्र्यांवरचं गाणं सतरा मिनिटांचं आहे. त्याच्या मध्यावर गिटारी थांबतात आणि सिंथेसायझरचा एक लांब, थंड पट्टा येतो, त्यात माणसाचा आवाज हळूहळू कुत्र्याच्या भुंकण्यात मिसळून जातो. एवढी मिनिटं खर्ची घालण्याचं प्रयोजन तिथे कळतं. तीन मिनिटांत तुम्ही लोभी माणसाला शिवी देऊ शकता, सतरा मिनिटांत तो म्हातारा होताना दाखवू शकता. शेवटी मेंढरं उठाव करतात, आणि त्याआधी परमेश्वर माझा मेंढपाळ आहे असं सांगणाऱ्या बायबलातल्या तेविसाव्या स्तोत्राची मोडतोड यंत्रासारख्या आवाजात ऐकू येते. साश्टीतल्या चर्चमध्ये ते स्तोत्र ऐकत वाढलेल्या माझ्या एका मित्राला त्या जागी प्रथम राग आला होता. दोन दिवसांनी त्यानेच फोन करून सांगितलं की मेंढपाळ कोण आणि खाटीक कोण, हे त्या स्तोत्राने त्याला पहिल्यांदा विचारायला लावलं.

शब्द किती दूर जातात याचंही उदाहरण याच बँडचं. 'द वॉल' या १९७९च्या अल्बममधलं शाळेवरचं गाणं दक्षिण आफ्रिकेतल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी वर्णभेदी शिक्षणाविरुद्धच्या बहिष्कारात उचललं, आणि १९८० मध्ये तिथल्या सरकारने ते बंद केलं. गाणं लिहिणाऱ्याच्या मनात इंग्लंडची शाळा होती. ते गाणं कशाबद्दल आहे हे त्या मुलांनी ठरवलं.

तरीही पिंक फ्लॉइड हा मोठ्या कंपनीचा, मोठ्या मैदानांचा बँड होता. गाणं विरोधातलं, दुकान तेच. त्याच काळात इंग्लंडमध्ये काही मुलं म्हणत होती की दुकान बदलल्याशिवाय गाणं बदलत नाही. माझा जास्त जीव यांच्यात आहे.

हेन्री काऊ हा बँड १९६८ मध्ये केंब्रिज विद्यापीठात फ्रेड फ्रिथ आणि टिम हॉजकिन्सन या दोघांनी सुरू केला. पुढे क्रिस कटलर ड्रम्सवर आला, लिंडसी कूपर बासून आणि ओबो ही फुंकून वाजवायची, रॉकमध्ये न दिसणारी वाद्यं घेऊन आली, जर्मन गायिका डॅगमार क्राउझे आली, जॉर्जी बॉर्न चेलो आणि बास घेऊन आली. त्या काळच्या रॉकमध्ये बायका गाताना दिसत, वाजवताना क्वचितच. या बँडमध्ये त्या रचना करत होत्या आणि निर्णय घेत होत्या. बँडच्या नियमित बैठका होत आणि त्यांचं इतिवृत्त लिहिलं जाई. कोणती रचना घ्यायची, पैसे कसे वाटायचे, कोण काय वाजवणार, हे सगळं चर्चेतून. इटलीत कम्युनिस्ट पक्षाच्या जत्रांमध्ये ते वाजवायचे, गावोगाव बसने फिरायचे.

त्यांच्या पहिल्या तीन अल्बमांच्या मुखपृष्ठावर रे स्मिथ या चित्रकाराने काढलेला एक विणलेला मोजा आहे. १९७५च्या 'इन प्रेझ ऑफ लर्निंग'वर तो लाल झाला. नाव जर्मन कवी-नाटककार ब्रेख्टच्या कवितेवरून घेतलं, आणि वेष्टनावर माहितीपटकार जॉन ग्रिअर्सन यांचं कला आरसा नव्हे, हातोडा आहे अशा अर्थाचं वाक्य छापलं. त्यातली हॉजकिन्सनची सोळा मिनिटांच्या आसपासची रचना ऐकताना सम सापडत नाही. लय पुढे जाते, अडखळते, वाद्यं एकमेकांना छेद देतात, क्राउझेचा आवाज उंचावरून कोसळतो. पहिल्यांदा मी ती ऐकली तेव्हा दहाव्या मिनिटाला बंद केली. वर्षभराने पुन्हा लावली. तेव्हा कळलं की ते मुद्दाम आहे. त्यांचं म्हणणं असं की रेडिओवरचं गुळगुळीत गाणं श्रोत्याला झोपवतं. पुढची मात्रा कुठे पडणार हे आधीच ठाऊक असलं की कान विचार करायचा थांबतो. म्हणून मात्रा अशी टाकायची की श्रोता जागा राहील, स्वतः मोजेल, स्वतः जोडेल. मला हे पटतं, आणि पटण्याचं कारण तबला आहे. लहानपणी बुवांनी धमार शिकवताना ठेका हाताने दाखवला नाही, चौदा मात्रा मनात धरून बसायला लावलं. ज्याने स्वतः सम शोधली त्याला ती पुन्हा हरवत नाही.

कंपनीशी त्यांचं फार दिवस पटलं नाही. व्हर्जिन या कंपनीशी असलेला करार संपला आणि त्यांनी ठरवलं की आपल्यासारखे युरोपभर विखुरलेले बँड एकत्र आणायचे. १२ मार्च १९७८ रोजी लंडनच्या न्यू लंडन थिएटरमध्ये पाच देशांतले पाच बँड एका मंचावर आले. हेन्री काऊ, इटलीचा स्टॉर्मी सिक्स, स्वीडनचा साम्ला मामास मान्ना, बेल्जियमचा युनिव्हर झेरो आणि फ्रान्सचा एत्रॉन फू लेलुब्लां. चळवळीचं नाव रॉक इन ऑपोझिशन, म्हणजे विरोधातलं रॉक. रेकॉर्ड कंपन्यांना तुम्ही जे ऐकू नये असं वाटतं तेच हे संगीत, अशी त्यांची जाहिरात होती. त्याच वर्षी कटलरने रेकमेंडेड रेकॉर्ड्स ही स्वतःची संस्था काढली आणि या लोकांच्या रेकॉर्ड विकायला सुरुवात केली. विरोध आता शब्दांपुरता राहिला नव्हता, तो वितरणात आला होता. भाच्याच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथे आहे.

निम्मंच. कारण कंपनी सोडली तरी एक प्रश्न राहतोच. हे इतकं गुंतागुंतीचं संगीत कामगारापर्यंत कधी पोचलं?

हा प्रश्न डाव्यांनीच डाव्यांना विचारला. कॉर्नेलिअस कार्ड्यू हा ब्रिटिश संगीतकार तरुणपणी स्टॉकहाउझेन या प्रयोगशील जर्मन रचनाकाराचा सहायक होता. पुढे तो माओवादी झाला आणि १९७४ मध्ये त्याने स्टॉकहाउझेन साम्राज्यवादाची सेवा करतो अशा सरळ शीर्षकाचं पुस्तक लिहिलं. अवघड संगीत हा सुशिक्षितांचा चैनीचा खेळ आहे, लोकांना गाता येतील अशी गाणी रचा, असं त्याचं सांगणं होतं, आणि त्याने तशी साधी गाणी रचलीही.

मराठी वाचकाला हा वाद नवा नाही. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभं केलं तेव्हा त्यांनी तमाशाचा आणि पोवाड्याचा ओळखीचा साचा घेतला. गिरणीतून सुटलेल्या माणसाला पहिल्याच ओळीत कळलं पाहिजे आणि दुसऱ्या ओळीला त्याने साथ केली पाहिजे, हा तो हिशेब होता. गोव्यात तियात्रातलं, म्हणजे कोकणी नाटकातलं, कांतार हे गाणं तेच करतं. दोन कडव्यांत मंत्र्याची फजिती, चाल तोंडावर बसलेली, आणि प्रेक्षक उठून टाळ्या वाजवतात. या वाटेपुढे हेन्री काऊ उणे वाटतात खरे. पण अमर शेखांचा आवाज आठवा. ज्यांनी तो प्रत्यक्ष ऐकला ते आधी आवाजाबद्दल बोलतात, शब्दांबद्दल नंतर. म्हणजे तिथेही घडण काम करतच होती. माझं मत असं की मोर्चात चालताना शाहीर हवा आणि मोर्चातून घरी आल्यावर, आपण नेमकं काय मागत होतो याचा विचार करताना, हेन्री काऊसारखं काहीतरी हवं. दोन्हीला एकाच मापाने मोजू नये.

आणि मग इटली, जिथे दोन्ही एकत्र आलं. १९७०च्या दशकात इटलीत पश्चिम युरोपातला सगळ्यात मोठा कम्युनिस्ट पक्ष होता, शिवाय त्याच्याही डावीकडे विद्यार्थ्यांचे आणि कामगारांचे गट. संगीत सगळ्यांचं आहे, तर तिकीट कशाला, असं म्हणत तरुण कार्यक्रमांची फाटकं मोडून आत शिरायचे. ५ जुलै १९७१ रोजी मिलानमध्ये लेड झेपेलिन या ब्रिटिश बँडचा कार्यक्रम अश्रुधुरातच संपला. या वातावरणातून आरेआ नावाचा बँड आला, आणि मला या सगळ्या परंपरेतून एकच बँड निवडायला सांगितलं तर मी हाच निवडीन.

त्यांचा गायक देमेत्रिओ स्त्रातोस ग्रीक आईबापांच्या पोटी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात जन्मला, वाढला आणि मग इटलीत आला. ग्रीक, अरबी, इटालियन, सगळं त्याच्या घशात होतं. आरेआचा पहिला अल्बम १९७३चा. त्याचं नाव नात्झी छळछावण्यांच्या फाटकावर लिहिलेलं, श्रमाने मुक्ती मिळते असं सांगणारं क्रूर वाक्य. त्याच्या वेष्टनात पुठ्ठ्याची एक बंदूक घालून दिली होती. पहिलं गाणं एका बाईच्या आवाजातल्या अरबी बोलांनी सुरू होतं, साथीला काहीच नाही. मग एकदम बाल्कन नाचाच्या तिरक्या लयीत सगळी वाद्यं तुटून पडतात. शीर्षकात १९७० साली जॉर्डनमध्ये पॅलेस्टिनींवर झालेल्या काळ्या सप्टेंबरची आठवण आहे. इटलीतल्या श्रोत्याला त्या अरबीतलं अक्षरही कळत नसणार, आणि मला वाटतं म्हणूनच ती सुरुवातीला आहे. आधी गप्प बसून परक्या माणसाचा आवाज ऐका, मग नाचा.

कामगारांचं जे जागतिक गीत, ज्याचे शब्द १८७१ साली पॅरिसमध्ये यूजेन पॉतिएने लिहिले आणि चाल १८८८ साली पिएर द गेटरने लावली, तेही आरेआने वाजवलं. ती धून इतक्या सभांमध्ये वाजली आहे की तिचा गुळगुळीत दगड झाला आहे. आरेआने ती विद्युत वाद्यांत टाकून फोडली, जोडली, पुन्हा फोडली. ओळखू येते, पण सावधान उभं राहता येत नाही. स्त्रातोसचा आवाज हा वेगळाच विषय आहे. तो एकाच वेळी दोन-तीन सूर काढायचा, कुजबुज, घोगरेपणा, आरोळी यांची वाद्यासारखी योजना करायचा. त्याचं म्हणणं होतं की बाजाराने माणसाच्या आवाजाला फक्त गोड गायला शिकवलं आणि बाकीचा आवाज बुजवून टाकला. १९७९ मध्ये तो रक्ताच्या विकाराने आजारी पडला. उपचारांच्या पैशांसाठी मिलानमध्ये १४ जूनला मोठा कार्यक्रम ठरला होता. आदल्याच दिवशी, १३ जूनला, तो न्यूयॉर्कमध्ये वारला. कार्यक्रम झाला, श्रद्धांजली म्हणून. तेव्हा तो ३४ वर्षांचाच होता. याच बँडचा गिटारवादक पाओलो तोफानी पुढे कृष्णभक्त वैष्णव झाला, हे आमच्या घरच्या भजनी मंडळाला मी नेहमी आवर्जून सांगतो.

लंडनच्या मंचावर आलेला स्टॉर्मी सिक्स हाही मिलानचाच. त्यांचा १९७५चा अल्बम दुसऱ्या महायुद्धातल्या फॅसिझमविरोधी लढ्याबद्दल आहे. त्यातली चाल लोकगीतासारखी धरता येते आणि व्हायोलिन-गिटारची गुंफण प्रोगची आहे. शाहीर आणि हेन्री काऊ यांच्या मधली जागा शोधणाऱ्याने तिथून सुरुवात करावी.

आता आपल्या घराजवळची गोष्ट. ती प्रोगच्या काठावरची आहे, पण गोव्यात बसून हा विषय लिहिणाऱ्याला ती टाळता येणार नाही.

आपल्याला पोर्तुगीज हुकूमशहा सालाझारच्या ज्या राजवटीने छळलं तिनेच पोर्तुगीजांनाही छळलं, हे आपण पुष्कळदा विसरतो. गोव्यात लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरला दाखवल्याशिवाय छापता येत नव्हती असं जुनी माणसं सांगतात. लिस्बनमध्ये गाणी सेन्सॉरकडे जात. क्वार्तेतो ११११ या बँडने १९७० साली वसाहती आणि वर्णभेद यांवर बोलणारा अल्बम काढला, तो सेन्सॉरने मागे घ्यायला लावला. आणि तिथेच झोझे अफोंसो होता, लोक त्याला झेका म्हणत. लहानपणी अंगोला-मोझांबिकमध्ये राहिलेला, पुढे मोझांबिकमध्येच शिक्षकी केलेला, वसाहत म्हणजे काय हे डोळ्यांनी पाहिलेला गायक. १९६४ मध्ये तो ग्रांदोला या गावच्या कामगारांच्या संगीत मंडळात गाऊन आला आणि त्या गावावर त्याने गाणं रचलं. १९७१ मध्ये ते फ्रान्समधल्या एका जुन्या गढीतल्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालं. संगीत संयोजन झोझे मारिओ ब्रांको याचं. तो पोर्तुगालच्या वसाहती युद्धाला नकार देऊन पॅरिसमध्ये परागंदा झालेला. त्याने गाण्यात एकही वाद्य ठेवलं नाही. रात्री बाहेरच्या खडीवर माणसांना चालायला लावलं आणि त्या पावलांचा आवाज मुद्रित केला. त्या पावलांवर पुरुषांचं समूहगान, शेतमजूर गातात तसं. घडणीत राजकारण म्हणजे काय, हे मला विचारलं तर मी आधी ही पावलं ऐकवतो.

२५ एप्रिल १९७४ रोजी मध्यरात्रीनंतर वीस मिनिटांनी लिस्बनच्या रेडिओ रेनासेन्सावर हे गाणं लागलं. ती बंडखोर सैनिकांसाठी खूण होती. सकाळपर्यंत रणगाडे रस्त्यावर होते, लोक बंदुकांच्या नळ्यांत लाल कार्नेशनची फुलं खोवत होते, आणि जवळपास अर्ध्या शतकाची हुकूमशाही कोसळली. गोव्यातून पोर्तुगीज सत्ता १९ डिसेंबर १९६१ रोजीच गेली होती, पण लिस्बन ते मान्य करत नव्हतं. नव्या सरकारने ३१ डिसेंबर १९७४ रोजी करार करून गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. खडीवरची ती पावलं आपल्याही दारापर्यंत आली होती.

आणखी एक गोष्ट मला कळली तेव्हा मी रेकॉर्ड थांबवून बसलो होतो. लिस्बनजवळ काशियश नावाचा किल्ला आहे, तिथे राजकीय कैदी ठेवत. गोवा मुक्तिलढ्यातले मोहन रानडे, जे सावईवेऱ्याला मराठी शाळेत शिकवत होते, १९५५ मध्ये पकडले गेले आणि पुढे याच किल्ल्यात ठेवले गेले. गोवा मुक्त झाल्यावरही ते आतच होते, सुटले १९६९ मध्ये. १९७३च्या एप्रिलमध्ये झेका अफोंसोला पकडून याच काशियशमध्ये डांबलं. चार वर्षांच्या अंतराने एक मराठी मास्तर आणि एक पोर्तुगीज गायक, जोही एके काळी मास्तरच होता, एकाच भिंतींच्या आत. गोव्यात काही घरांमध्ये पोर्तुगीज गाणं लागलं की कपाळाला आठी पडते. कारणं मी जाणतो. पण हे गाणं त्या राजवटीचं नव्हतं. ते तिच्या कैद्यांचं होतं.

ब्रांको परत मायदेशी गेला. १९८२ मध्ये त्याने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या नावाची एक रचना काढली, वीस मिनिटांहून लांब. क्रांतीनंतर देश पुन्हा कर्जदारांच्या हाती गेला यावर तो बोलतो, टोमणे मारतो, ओरडतो, आणि शेवटी रडतो. संगीत जवळजवळ नाहीच. तिला प्रोग म्हणावं का यावर वाद घालता येईल. मी तो घालत नाही, मी ती ऐकतो.

इतर देशांकडे धावती नजर टाकतो, नाहीतर लेख संपायचा नाही. चिलीत १९७३च्या लष्करी उठावानंतर लोस हाइवास हा बँड देश सोडून आधी अर्जेंटिनात आणि नंतर फ्रान्समध्ये गेला. पाब्लो नेरुदाच्या, पेरूतल्या माचू पिचू या प्राचीन दगडी नगरीवरच्या दीर्घ कवितेवर त्यांनी १९८१ मध्ये जो अल्बम केला त्यात डोंगरी बासऱ्या, चरांगो हे तंतुवाद्य आणि मूग सिंथेसायझर एकाच पंगतीला बसतात. दगड कोणी रचले, ते राबणारे हात कुठे गेले, हा नेरुदाचा प्रश्न. ते ऐकल्यावर जुन्या गोव्यातल्या चर्चच्या भिंती मी वेगळ्या नजरेने पाहायला लागलो. कोलकात्यात १९७५च्या सुमारास मोहीनेर घोडागुलि हा बँड उभा राहिला. त्याचा गौतम चट्टोपाध्याय नक्षलवादी चळवळीत तुरुंग पाहून आलेला होता, आणि बाउल गाण्याची ओढ असलेलाही. दिल्लीच्या इंडियन ओशनचा राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात काम करून आलेला. त्यांनी नर्मदेचं लोकगीत बास गिटार आणि तबल्यावर किती सहज उभं केलं आहे, ते २०००च्या 'कंदिसा' अल्बममध्ये ऐकावं.

रॉबर्ट वायटचं नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. सॉफ्ट मशीन या बँडचा तो ड्रमर. १ जून १९७३ रोजी एका समारंभात खिडकीतून पडला आणि कमरेखाली लुळा झाला. ड्रम्स गेले. पुढच्याच वर्षी त्याने व्हीलचेअरवरून गात 'रॉक बॉटम' हा अल्बम केला, पाण्याखाली ऐकू यावा तसा. नंतर तो ब्रिटनच्या कम्युनिस्ट पक्षाचा सभासद झाला. १९८२ मध्ये ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यातल्या फॉकलंड युद्धाच्या वेळी त्याने गायलेलं गाणं एका बंद पडलेल्या गोदीबद्दल आहे. युद्धामुळे गोदीला काम मिळणार, घरात पैसे येणार, आणि त्याच जहाजांवरून गावची पोरं मरायला जाणार. घोषणा एकही नाही. वास्कोच्या गोदीत काम केलेल्या माझ्या शेजाऱ्याला मी त्याचा अर्थ सांगितला, तर तो बराच वेळ काही बोलला नाही.

या परंपरेत दोष आहेत. पुष्कळ बँड बायकांना फक्त मुखपृष्ठावर जागा देत. काहींनी स्टॅलिन आणि माओच्या अत्याचारांकडे डोळेझाक केली, आणि त्या गाण्यांवर आज ते डाग दिसतात. आरेआच्या पुठ्ठ्याच्या बंदुकीकडे पाहतानाही मला अस्वस्थ वाटतं. इटलीत पुढे खऱ्या बंदुका निघाल्या आणि माणसं मेली.

नव्याने ऐकणाऱ्याने क्रम असा ठेवावा असं मी भाच्याला लिहून दिलं. आधी 'मनी', सात मोजत. मग 'ॲनिमल्स'चं कुत्र्यांचं गाणं, एका बैठकीत, मोबाईल दूर ठेवून. मग झेकाची पावलं. मग स्टॉर्मी सिक्स, आरेआ, वायट. हेन्री काऊ सगळ्यात शेवटी, आणि पहिल्यांदा नाही आवडलं तर वर्षभराने पुन्हा.

त्याने हा क्रम पाळला नाही, सरळ हेन्री काऊ लावला. शिगम्याच्या आधी तो घरी आला तेव्हा त्याच्या बँडचं एक नवं गाणं सोबत होतं. मोलेच्या जंगलातून जाणाऱ्या रेल्वेच्या दुपदरी मार्गावर. अकरा मिनिटांचं. मधे एका जागी ड्रम्स थांबतात आणि नुसतं घुमट येतं, सात मात्रांत. शब्द कोकणीत असावेत की मराठीत यावर चौघांचं महिनाभर भांडण झालं, शेवटी दोन्ही ठेवले. मी विचारलं, गाणं कोणाचं म्हणून लिहिणार? चाल गिटारवाल्याची होती, शब्द गाणाऱ्या मुलीचे. त्याने खिशातून एक वही काढली. त्यात बैठकीचं इतिवृत्त होतं, तारखेसह. चौघांची नावं, आणि पाचवं नाव आमच्या वाड्यावरच्या त्या म्हाताऱ्या काकांचं, ज्यांनी घुमट मढवून दिलं.